कागदी टेम्प्लेटवरून चिलखत बनवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कागदाचं चिलखत शेवटी कागदाचंच राहतं ना?

ठेवलं तर राहतं. पण बहुतेक जण कागद फक्त आकार मिळवण्यापुरता वापरतात. टेम्प्लेट म्हणजे संगणकावरचं त्रिमितीय मॉडेल उलगडून सपाट पानांवर मांडलेलं असतं. ती पानं छापायची, तुकडे कापायचे, घड्या घालायच्या आणि कडेला कड जोडत पुन्हा तोच आकार उभा करायचा. मग त्याला रेझिन (लावल्यावर घट्ट होणारं पातळ प्लॅस्टिक) पाजायचं, आतून फायबरग्लासचं (काचेच्या धाग्यांच्या मॅटचं) अस्तर द्यायचं, वरून लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरून घासायचं आणि रंगवायचं. कागद आत कुठेतरी अडकून राहतो, तो पुन्हा दिसत नाही.

कागद आणि चिलखत ही जोडी काही आजची नाही. चीनमध्ये तांग काळातही कागदाचे थरावर थर देऊन लढाईसाठी खरी चिलखतं बनवत. आपलं चिलखत मात्र वेशभूषेपुरतंच आहे. त्यावर कुणाला काठी मारून बघायला सांगू नका.

सुरुवात हेल्मेटपासून करू का?

सगळ्यांना तेच करायचं असतं. मीही तेच केलं आणि पस्तावलो. हेल्मेटमध्ये तुकडे बारीक, वळणं अवघड, आणि दोन्ही बाजू सारख्या नसतील तर समोरच्याला लगेच कळतं. मनगट ते कोपर झाकणारा भाग आधी करा. तो म्हणजे जेमतेम एक वाकवलेली नळी असते, आठ-दहा पानांत होतो, आणि कापण्यापासून रंगापर्यंतची प्रत्येक पायरी त्यात एकदा करून होते. बिघडला तर आठ पानं वाया जातात, चाळीस नाही.

कोणतं सॉफ्टवेअर लागतं?

या छंदात सगळ्यात जास्त चालतं ते जपानच्या तामा सॉफ्टवेअर कंपनीचं पेपाकुरा डिझायनर. ‘पेपाकुरा’ म्हणजे ‘पेपर क्राफ्ट’चं जपानी तोंडातलं आखूड रूप. त्याच्या फायलींच्या नावाशेवटी ‘पीडीओ’ असतं. तयार फाइल उघडून छापायची असेल तर मोफत मिळणारा व्ह्यूअर पुरतो. स्वतः मॉडेल उलगडून, बदल करून फाइल जतन करायची असेल तर डिझायनरचा परवाना विकत घ्यावा लागतो.

काही टेम्प्लेट थेट पीडीएफमध्ये मिळतात. त्यांना सॉफ्टवेअर लागत नाही. मात्र एक तोटा आहे: कोणती कड कुठे बसते हे पडद्यावर मॉडेल फिरवून बघता येत नाही. अडकलात की एका तुकड्यावर क्लिक करून तो मॉडेलमध्ये कुठे आहे हे पाहणं, यासारखी मदत दुसरी नाही. नवशिक्यांनी शक्यतो पीडीओच घ्यावी.

माप कसं ठरवायचं? माझं पहिलं हेल्मेट डोक्यात शिरतच नाही.

सगळ्यात जास्त कागद याच चुकीपायी वाया जातो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सॉफ्टवेअर मॉडेलची उंची, रुंदी, खोली मिलिमीटरमध्ये दाखवतं. लोक स्वतःच्या डोक्याची रुंदी मोजतात, तोच आकडा तिथे टाकतात आणि फसतात. कारण तो आकडा सगळ्या मॉडेलचा असतो, बाहेर आलेले शिंग, तुरे, कानावरचे डबे धरून. तुमचं डोकं आतल्या पोकळीत बसायचं असतं. शिवाय रेझिन, फायबरग्लास आणि आतल्या गादीची जाडी त्या पोकळीतूनच वजा होते.

माझी पद्धत अशी. कानाच्या वरच्या बाजूला डोक्याची रुंदी मोजा आणि कपाळ ते मागचा फुगवटा ही लांबी मोजा. मोजताना डोक्याच्या दोन्ही बाजूंना दोन जाड पुस्तकं उभी धरून त्यांच्यामधलं अंतर घ्या. टेपने घेर मोजण्यापेक्षा हे बरं पडतं. समजा रुंदी 16 सेंमी आणि लांबी 20 सेंमी आली. प्रत्येक बाजूला अडीच सेंमी मोकळी सोडली तर पोकळी 21 बाय 25 सेंमी हवी. आता सगळं हेल्मेट न छापता फक्त कपाळाच्या पातळीवरचे तुकडे साध्या कागदावर छापा, टेपने जोडून त्यांचं कडं करा आणि डोक्यावर घालून बघा. दुसरं कडं मानेच्या तोंडाचं करा. कपाळाशी छान बसणारं हेल्मेट मानेच्या तोंडातून आत जातच नाही, असं नेहमी होतं. तसं असेल तर मागचा किंवा हनुवटीचा भाग वेगळा ठेवून चुंबकाने लावायचा विचार आत्ताच करा.

आणखी एक हिशेब लक्षात ठेवा. माप 10 टक्के वाढवलं की कागद 21 टक्के वाढतो आणि आतली पोकळी 33 टक्के. म्हणजे थोडंसं मोठं केलेलं हेल्मेट अंगावर बादलीसारखं दिसायला वेळ लागत नाही.

सगळ्या भागांना एकच प्रमाण लावलं तर चालेल?

क्वचित. पात्र मॉडेलमध्ये 210 सेंमी उंच आणि तुम्ही 168, तर प्रमाण 0.8 येतं. तो आकडा सुरुवातीला ठीक. पण काल्पनिक योद्ध्यांचे खांदे अफाट, कंबर बारीक आणि पोटऱ्या लांब असतात. 0.8 ने छातीचा भाग बसेल, पोटरीचा भाग गुडघ्यात अडकेल. प्रत्येक भागाचं माप आपल्या अंगावरून घ्या आणि मग सगळं एकत्र नजरेखालून घाला. डोळ्याला खटकलं तर डोळ्याचं ऐका.

कागद कोणता घ्यायचा?

160 ते 220 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा) कार्डपेपर. रोजचा छपाईचा कागद 80 जीएसएमचा असतो. तो रेझिन लावताच ओल्या पापडासारखा लोळतो. 250 च्या वरचा कागद घरच्या प्रिंटरमध्ये अडकतो आणि बारीक घडीवर तडकतो. चकचकीत कागद नको, त्यावर गोंद धरत नाही.

छापताना प्रिंटरच्या खिडकीत ‘पानात बसवा’ असा पर्याय आपोआप निवडलेला असतो, तो काढून 100 टक्के करा. पहिलं पान छापलं की पट्टीने एक रेघ मोजून बघा. इंकजेटची शाई पाण्याने फुटते. नंतर पाण्यात कालवलेला गोंद लावणार असाल तर लेझर प्रिंट बरी.

तुटक रेषा, ठिपक्यांच्या रेषा, आकडे… हे सगळं काय आहे?

अखंड रेष कापायची. तुटक रेषा दोन प्रकारच्या असतात: एकीवर डोंगरघडी, म्हणजे घडीचा कणा तुमच्याकडे वर येतो, आणि दुसरीवर दरीघडी, म्हणजे तो खाली जातो. नुसती तुटक कोणती आणि ठिपका-तुटक कोणती हे सेटिंगवर ठरतं, म्हणून छापण्याआधी पडद्यावर एकदा खात्री करा. कडेवरचे आकडे जोड्यांचे असतात. 31 ची कड दुसऱ्या 31 लाच चिकटते.

कापण्याआधी प्रत्येक तुकड्याच्या मागे पेन्सिलने पान क्रमांक लिहा. टेबलावर साठ पांढरे त्रिकोण पसरल्यावर माझं म्हणणं पटेल. 66 आणि 99, 68 आणि 89 यांच्यापासून सावध राहा. तुकडा उलटा धरला की आकडा बदलतो. अशा आकड्यांखाली मी लाल रेघ मारून ठेवतो.

कापायचं, दुमडायचं आणि चिकटवायचं कसं?

आधी घड्यांच्या रेषा दाबून घ्यायच्या, मग कापायचं. नवे लोक उलट करतात आणि लहानशा तुकड्यावर पट्टी धरायला जागा उरत नाही. रेषा दाबायला रिफिल संपलेलं बॉलपेन उत्तम. स्टीलच्या पट्टीच्या आधाराने एकदाच, मध्यम जोराने ओढायचं. कागद फाटता कामा नये, त्यात फक्त नाली पडायला हवी. कापायला कटर आणि खाली कटिंग मॅट. पातं बोथट झालं की कागदाला लव सुटते. ते दिसलं की लगेच टोक मोडून नवं काढा.

एका जोडाचं सांगतो, बाकी सगळे तसेच. तुकड्याच्या कडेची चिकटवायची पट्टी पूर्ण मागे दुमडून नखाने घडी पक्की करायची आणि परत अर्धी उघडायची. टूथपिकच्या टोकावर गोंदाचा थेंब घेऊन पट्टीवर पातळ पसरायचा, कडेपासून एक मिलिमीटर आत. जोडाचं एक टोक आधी जुळवायचं, रेघेवर रेघ तंतोतंत, आणि तिथून अंगठा सरकवत दुसऱ्या टोकाला न्यायचं. मग मनात वीस आकडे मोजेपर्यंत दाबून धरायचं. मध्येच फोन वाजला तर वाजू द्यायचा.

पांढरा गोंद वीस सेकंदांत धरतो आणि चूक झाली तर हलवायला वेळ देतो. सुपरग्लू क्षणात धरतो, त्यामुळे चूकही क्षणात कायमची होते, आणि तो बोटांवर चिकटतो तो वेगळाच. ग्लू गन जाड थर सोडते, शिवाय रेझिन तापलं की तिचा जोड मऊ पडतो. मी कडांना पांढरा गोंद आणि हट्टी कोपऱ्यांना सुपरग्लूचा थेंब वापरतो.

जोडणी डोक्याच्या मधोमध येणाऱ्या पट्टीपासून सुरू करा आणि दोन्ही बाजूंना सारखं वाढत जा. एक बाजू आधी पूर्ण केली तर सगळी चूक दुसरीकडे गोळा होते.

शेवटची कड एक सेंटिमीटरने जुळत नाही. ओढून चिकटवू?

नका. माझ्या पहिल्या हेल्मेटला मागच्या बाजूला अशीच फट राहिली. मी दोन बोटांनी ती ओढून धरली, सुपरग्लू टाकला आणि ‘रेझिनमध्ये सगळं झाकलं जाईल’ असं म्हणालो. रेझिनमध्ये काहीच झाकलं गेलं नाही. हेल्मेट डावीकडे वळलेलं घट्ट झालं, सतत कुणाचा तरी संशय आल्यासारखं. आजही ते कपाटावर डावीकडे बघत बसलंय.

नंतर उलट शोधत गेलो तेव्हा कळलं की हनुवटीजवळच्या आठ जोडांत मी प्रत्येकी मिलिमीटरभर घसरलो होतो. फट दिसते तिथे चूक नसते. मागे जा, आकडे तपासा, घसरलेला जोड कटरने सोडवा आणि परत लावा. पांढरा गोंद किंचित ओला केला की सुटतो. संध्याकाळ जाईल, पण पुढचे दोन आठवडे वाचतील.

किती दिवस लागतात?

रोज दोन तास बसलात तर हाताचा भाग कागदात तीन-चार दिवसांत आणि हेल्मेट दोन-तीन आठवड्यांत. घासणं आणि रंग यांना जवळपास तेवढाच वेळ वेगळा. कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी सुरुवात करणाऱ्यांना माझं एकच उत्तर असतं: कागदाऐवजी फोम घ्या (त्याचं पुढे सांगतो).

रेझिन लावताना सगळं वाकडं का होतं?

कारण रेझिन आधी कागद भिजवतं आणि मग घट्ट होतं. मधल्या वेळात कागद मऊ असतो आणि स्वतःच्या वजनाने बसतो. ज्या अवस्थेत घट्ट होईल तोच त्याचा कायमचा आकार. म्हणून आधी आतून आधार द्या: कानापासून कानापर्यंत, मानेच्या तोंडावर आडवी-उभी अशा कार्डपेपरच्या दुहेरी पट्ट्या किंवा लाकडी काड्या चिकटवा. दोन्ही बाजूंचं अंतर पट्टीने मोजा. हेल्मेट त्याच्या कडेवर उभं ठेवू नका. प्लॅस्टिक गुंडाळलेल्या उलट्या भांड्यावर टेकवा.

पॉलिएस्टर रेझिनमध्ये हार्डनर, म्हणजे ते घट्ट करणारं रसायन, साधारण वजनाच्या 1 ते 2 टक्के पडतो, म्हणजे 100 ग्रॅमला एक ते दोन ग्रॅम. नेमका आकडा डब्यावर असतो, तोच पाळा. अंदाजाने ओतू नका, वजनकाटा वापरा. एका वेळी 100 ग्रॅमच्या वर कालवू नका, कारण पंधरा-वीस मिनिटांत ते जेलीसारखं होतं. कपात जास्त साठा राहिला तर घट्ट होताना इतकी उष्णता निघते की धूर येतो. थर्माकोलचा कप तर विरघळूनच जातो. माझा एक गेलाय, टेबलासकट.

पहिला हात बाहेरून, अगदी पातळ. ब्रशने ओघळ पुसत राहा. वाळला की दुसरा. मग आतून फायबरग्लास: मॅट आधीच पाच-सात सेंटिमीटरच्या तुकड्यांत कापून ठेवा, जागा रेझिनने ओली करा, तुकडा ठेवा आणि ब्रशच्या टोकाने टिपत दाबा. ब्रश ओढलात तर धागे त्याच्याबरोबर येतात. पांढरा तुकडा पारदर्शक झाला म्हणजे भिजला. पांढरा ठिपका राहिला म्हणजे खाली हवा आहे. एक थर पुरेसा होतो, पडण्याची भीती असेल तर दोन.

वासाचा मास्क म्हणून साधा कापडी मास्क चालतो का?

अजिबात नाही. कापडी किंवा धुळीचा मास्क कण अडवतो, वाफ नाही. पॉलिएस्टर रेझिनमधून स्टायरीनची वाफ येते. तिच्यासाठी सेंद्रिय वाफांचे, सक्रिय कोळशाचे कार्ट्रिज असलेला रेस्पिरेटर लागतो. दाढी असेल तर तो चेहऱ्याला चिकटून बसत नाही. काम उघड्यावर करा. बंद खोलीत पंखा लावून वाफ फक्त फिरते. झोपायच्या खोलीत तर नकोच.

हार्डनरबद्दल मी मुद्दाम कडक बोलतो. बहुतेक पॉलिएस्टर रेझिनचा हार्डनर, एमईकेपी, डोळ्यात उडाला तर कायमची दृष्टी जाऊ शकते. बाजूनेही बंद असलेला गॉगल घाला. डोळ्यात गेलंच तर लगेच वाहत्या पाण्याखाली किमान पंधरा मिनिटं डोळा धुवा आणि थेट डॉक्टरांकडे जा. काही रेझिनबरोबर जांभळट कोबाल्ट ॲक्सिलरेटरची (घट्ट होण्याचा वेग वाढवणाऱ्या रसायनाची) वेगळी बाटली येते. तो आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत, स्फोट होऊ शकतो. आधी एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मगच दुसरा.

हातात नायट्राइलचे हातमोजे. फायबरग्लास घासताना पूर्ण बाह्यांचे कपडे आणि धुळीचा फिल्टर. जमेल तेव्हा पाणी लावून घासा. नाहीतर रात्रभर मनगटं खाजवत बसाल.

इतकं सगळं नको असेल तर?

तीन वाटा आहेत.

इपॉक्सीला वास कमी असतो आणि त्यात स्टायरीन नसतं, पण तिचं प्रमाण डब्यावर लिहिलंय तेच पाळावं लागतं. हार्डनर जास्त घातला म्हणून ती लवकर वाळत नाही, उलट चिकट राहते. वारंवार कातडीला लागली तर ॲलर्जी जडते आणि ती मग सुटत नाही. म्हणजे हातमोजे इथेही लागतात.

दुसरी वाट जुनीच: पांढरा गोंद आणि पाणी कालवून आतून कागदी पट्ट्यांचे थर. पाच-सहा थर, प्रत्येक थर पूर्ण वाळू देऊन. वेळ जातो, वजन थोडं वाढतं, पण विषारी काही नाही. मुलांबरोबर करायचं असेल तर मी हेच सुचवेन.

तिसरी फोम. टेम्प्लेट तीच, पण चिकटवायच्या पट्ट्या कापून टाकायच्या, कारण ईव्हीए फोम कडेला कड चिकटतो. फोमची जाडी 5 ते 10 मिलिमीटर असते, म्हणून कडा तिरक्या कापाव्या लागतात, नाहीतर बाहेरून फट दिसते. कागदी टेम्प्लेटमधल्या दहा छोट्या घड्यांऐवजी फोमला एकच वळण देता येतं. हीट गनने तापवून मांडीवर वाकवला की तो तसाच राहतो. छातीचा आणि पोटरीचा भाग मी आता फोमचाच करतो. हेल्मेट मात्र कागदाचंच. धारदार कडा कागदात निघतात तशा फोममध्ये मला कधी काढता आल्या नाहीत.

घड्यांच्या रेघा रंगाखाली दिसतात. काय चुकलं?

घासणं कमी पडलं. लांबी दोन-तीन मिलिमीटरच्या पातळ थरात भरा, जाड थर आतून ओला राहतो आणि तडकतो. 80 नंबरच्या सँडपेपरने आकार काढा, मग 120, 220 आणि शेवटी 400. त्यावर राखाडी प्राइमरचा एक हात मारा, खोली अंधारी करा आणि टॉर्च आडवा धरा. जे खड्डे दिवसा दिसत नव्हते ते सगळे सावली टाकून उभे राहतात. परत लांबी, परत घासणं. हा फेरा मी तीन वेळा करतो. लोक एकदा करतात आणि मग मला हा प्रश्न विचारतात.

रंगात एकच सांगेन: चंदेरी रंग थेट मारू नका, खेळण्यासारखा दिसतो. आधी काळा, त्यावर गडद धातूचा. शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने फक्त कडांवर चंदेरी घासा. खरा धातू जिथे हात लागतो तिथेच चकाकतो.

अंगावर कसं टिकवायचं?

ग्लू गनने पट्टे चिकटवू नका. गुळगुळीत रेझिनवरून ते गर्दीतच सुटतात. पट्ट्याचं टोक फायबरग्लासच्या तुकड्याखाली ठेवून वरून रेझिन द्या. ताण पडतो तिथे इलॅस्टिक, घालायला-काढायला बक्कल किंवा वेल्क्रो. हेल्मेटमध्ये फोमच्या गाद्या चार ठिकाणी लावा. काचेवर वाफ धरते, म्हणून हनुवटीखाली लपवलेली छिद्रं आणि जमलं तर संगणकाचा छोटा पंखा.

रंगवण्याआधी एकदा सगळं घालून बसा, वाका, दोन पायऱ्या चढा, पाण्याची बाटली तोंडाला लावा. आणि दुसऱ्याच्या मदतीशिवाय दोन मिनिटांत सगळं काढता येतं का बघा. नैसर्गिक गरज चिलखताचा मान ठेवत नाही.

तयार चिलखत विकता येईल का?

टेम्प्लेट बनवणाऱ्याने काय लिहिलंय ते वाचा. बरेच जण स्वतःसाठी वापरायला फुकट देतात आणि विक्रीला मनाई करतात. शिवाय पात्राचे हक्क वेगळ्याच कुणाकडे असतात. शंका असेल तर टेम्प्लेट करणाऱ्याला विचारा. बहुतेक जण उत्तर देतात, आणि सोबत तुमच्या कामाचा फोटोही मागतात.